तारीख नसलेली तयारी

आमच्या चाळीच्या गॅलरीत उभ्या असलेल्या कुठल्याही पंचविशीतल्या पोराला विचारा, "काय चाललंय सध्या?" उत्तर ठरलेलं आहे. "तयारी."

एकाची एमपीएससीची, एकाची पोलीस भरतीची, एकाची मॅरेथॉनची, एकाला यूट्यूब चॅनल काढायचंय त्याची. 'तयारी करतोय' म्हटलं की समोरचे काका मान डोलावतात, "कर बाबा, चांगलं कर" म्हणतात आणि पुढे जातात. लालबाग-परळमध्ये याहून सुरक्षित वाक्य नाही. ते म्हटलं की तुम्हाला कोणी बेकार म्हणत नाही, आळशी म्हणत नाही आणि हरलेला तर म्हणूच शकत नाही, कारण तुम्ही अजून खेळलेलाच नाहीत.

मी हे वाक्य जवळजवळ दहा वर्षं वापरलं. अनुभवानं सांगतो, बहुतेक वेळा ते खोटं असतं. आणि ते खोटं चालू राहण्यात आपल्याशिवाय इतरही काही जणांचा फायदा आहे. मला आज या वाक्याशी भांडायचंय.

•

ऑगस्ट २०१०, रविवार. मी एकोणीस वर्षांचा होतो. पाठीवर किटबॅग घेऊन करी रोडहून व्हीटीची स्लो पकडली आणि आझाद मैदानात पोचलो. रात्रभर पाऊस पडला होता. कांगा लीगचा सामना होता. आमच्या छोट्या क्लबच्या यादीत माझं नाव नोंदवलेलं होतं, पण तोवर एकही सामना मी खेळलो नव्हतो. तीन वर्षं मी शिवाजी पार्कला नेटमध्ये बॅटिंग करत होतो. इंग्लिश विलोची बॅट होती. आईला भिशी लागली तेव्हा तिनं ती घेऊन दिली होती. हेल्मेट होतं, दोन जोड ग्लोव्ह्ज होते. क्लबमधल्या निम्म्या पोरांकडे माझ्यासारखं किट नव्हतं.

कॅप्टननं मोजणी केली. दोघं आलेच नव्हते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तू आलायस ना? चल, कपडे बदल. सहाव्या नंबरला जा."

मी म्हणालो, "आज नको. बॅकफूटला अजून गडबड होतेय. सर म्हणालेत अजून दोन महिने नेटच कर."

सर असं काहीच म्हणाले नव्हते.

कॅप्टननं वाद घातला नाही. शेजारी एक पोरगा स्कोअर लिहायला बसला होता, पायात कॅनव्हासचे बूट. त्याला विचारलं, "तू खेळतोस?" त्यानं मांडीवरचं स्कोअरबुक खाली ठेवलं आणि उठला. बॅट दुसऱ्याची, पॅड तिसऱ्याचे. अकरा धावा केल्या. नंतर एक कॅच सोडला, चिखलात सपशेल घसरला, सगळे हसले, तोही हसला. पुढच्या रविवारी तो संघात होता. त्याच्या पुढच्याही.

त्यानं खाली ठेवलेलं स्कोअरबुक त्या दिवशी मी उचललं आणि दिवसभर स्कोअर लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणाले.

•

ही माझी शरमेची गोष्ट आहे, पण ती कांगा लीगमध्ये घडली याला अर्थ आहे. कारण 'तयार नाही' हे कारण जिथे अजिबात चालत नाही, अशी मुंबईत एखादी जागा असेल तर ती कांगा लीग.

ही स्पर्धा १९४८ मध्ये सुरू झाली. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावानं. आणि ती मुद्दाम पावसाळ्यात ठेवली गेली. जगभर पाऊस आला की क्रिकेट बंद होतं, मुंबईत पाऊस आला की कांगा लीग सुरू होते. पिच झाकलेलं नसतं. चेंडू कधी थांबून येतो, कधी गुडघ्याखाली राहतो, कधी छातीवर उडतो. मैदानातलं गवत इतकं वाढलेलं असतं की जमिनीवरून मारलेला सुंदर ड्राइव्ह वीस पावलांत अडकतो, म्हणून उचलूनच मारावं लागतं. आझाद मैदानात एकाला एक चिकटून बावीस पिचं. तुमचा पॉइंट दुसऱ्याच सामन्यातल्या मिडऑनच्या शेजारी उभा असतो.

अशा पिचवर खेळण्यासाठी आदर्श तयारी असते का? नसते. नेटमध्ये ते पिच मिळतच नाही. ते फक्त त्या रविवारी, त्या मैदानात असतं. गावस्कर आणि वेंगसरकर कसोटी खेळाडू झाल्यावरही दादर युनियनकडून या चिखलात उतरायचे. मुंबईच्या फलंदाजीबद्दल 'खडूस' हा शब्द आपण अभिमानानं वापरतो. तो खडूसपणा कोचिंग मॅन्युअलमधून आलेला नाही. 'आज पिच वाईट आहे, पण सामना आजच आहे' या सक्तीतून तो आलाय.

माझं म्हणणं एवढंच आहे. सामना हे तयारीला मिळणारं बक्षीस नाही. सामना हा तयारीचाच भाग आहे, आणि तोच भाग गाळून आपण बाकी सगळं करत बसतो.

•

आता आचरेकर सरांकडे येऊ, कारण तयारीचं भजन गाणारे सगळे शेवटी त्यांच्याकडेच येतात.

रमाकांत आचरेकरांची एक गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचं. जो बाद करेल त्याचं नाणं, कोणी बाद करू शकलं नाही तर सचिनचं. गोष्ट खरी आहे आणि छान आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात, मोटिव्हेशनल रीलमध्ये, क्लासच्या जाहिरातीत ती वापरता येते. तिचा सोपा अर्थ असा काढला जातो की नेटमध्ये घाम गाळा, बाकी आपोआप होईल.

पण त्याच सरांकडे एक स्कूटर होती. ती गोष्ट कमी सांगितली जाते. सुट्टीत सर सचिनला मागे बसवून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात न्यायचे. इथली बॅटिंग संपली की तिथे. सचिननं आत्मचरित्रात लिहिलंय की पहिल्या वर्षी उन्हाळ्याच्या साठ दिवसांच्या सुट्टीत तो पंचावन्न सराव सामने खेळला. साठ दिवसांत पंचावन्न! त्याच पुस्तकात त्यानं हेही लिहिलंय की क्लबसाठी पहिल्या सामन्यात तो शून्यावर बाद झाला, दुसऱ्यातही शून्यावर, आणि तिसऱ्यात कशीबशी एक धाव झाली.

विचार करा, आजच्या एखाद्या अ‍ॅकॅडमीत अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या तीन सामन्यांत मिळून एक धाव झाली, तर काय होईल? पालकांना बोलावतील. "बेसिक्स कच्चे आहेत, सहा महिने सामने बंद, पर्सनल कोचिंग लावा," असा सल्ला मिळेल. आचरेकरांनी चौथा सामना लावला.

आणखी एक प्रसंग सचिनच सांगतो. सरांनी त्याच्यासाठी सामना ठरवला होता आणि तो मात्र शाळेच्या मोठ्या मुलांची फायनल बघायला वानखेडेला गेला. तिथे सर भेटले. आज किती धावा केल्यास, असं त्यांनी विचारलं. आपल्या टीमसाठी टाळ्या वाजवायला आलो, असं तो म्हणाला. सणसणीत कानाखाली बसली, हातातला डबा उडाला. दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवू नकोस, लोक तुझ्यासाठी वाजवतील असं खेळ, हा त्याचा मथितार्थ. मुलांना मारणं मला मान्य नाही, सरांनी मारलं म्हणूनही नाही. पण सर कशावर चिडले ते बघा. सराव चुकवला म्हणून ते चिडले नाहीत. सामना चुकवला म्हणून चिडले.

नाणं आणि स्कूटर, दोन्ही सरांचीच. आपण नाणं ठेवलं, स्कूटर भंगारात काढली.

•

इथे कोणी तरी अमोल मुझुमदारचं नाव काढणार. काढायलाच हवं.

फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, भागीदारी ६६४ धावांची, डाव घोषित ७४८ वर २ बाद. पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार. दुसऱ्या दिवशी डाव घोषित होईपर्यंत तो पॅड बांधून बसून राहिला. बॅटिंग आलीच नाही.

हा फोटो न काढलेला प्रसंग आपल्याकडे एखाद्या करुण कथेसारखा सांगितला जातो. बिचारा, आयुष्यभर पॅड बांधून बसला. भारताकडून एकही सामना मिळाला नाही. तयारी असूनही संधी नाही. आणि आपल्यासारखे तयारीबहाद्दर लगेच त्याच्यात स्वतःला बघतात. "आपलंही तसंच आहे यार."

नाही. आपलं तसं अजिबात नाही.

मुझुमदार पॅड बांधून बसला होता तो सीमारेषेच्या कडेला, संघाच्या यादीत नाव असताना. विकेट पडली असती तर पुढच्या दोन मिनिटांत तो क्रीजवर असता. मी स्कोअरबुक घेऊन बसलो होतो. दोन्ही बसणंच, पण त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुढे काय झालं तेही बघा. १९९४ मध्ये हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणात त्यानं २६० धावा केल्या, तेव्हा तो प्रथमश्रेणी पदार्पणातला जागतिक विक्रम होता. १७१ प्रथमश्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं. २००६-०७ मध्ये मुंबईनं रणजी जिंकली तेव्हा कर्णधार तोच. मुंबई सुटल्यावर आसामकडून खेळला, आंध्रकडून खेळला. ज्याला भारताची टोपी मिळाली नाही तो माणूस वीस वर्षं दर मोसमात मैदानात उतरत राहिला. याला कोणी 'वाट बघणं' म्हणत असेल तर त्याला क्रिकेटही कळत नाही आणि वाट बघणंही.

शिवाजी पार्कच्या पद्माकर शिवलकरांचंही तेच. ५८९ प्रथमश्रेणी बळी, कसोटी एकही नाही. बेदी नावाचा डावखुरा फिरकी गोलंदाज समोर असताना दुसऱ्याला जागा नव्हती. पण सत्तेचाळिशीपर्यंत ते मुंबईसाठी चेंडू टाकत होते. २०२५ च्या मार्चमध्ये ते गेले तेव्हा दादरमधल्या माणसांनी त्यांचे न खेळलेले कसोटी सामने मोजले. मला वाटतं आपण त्यांनी खेळलेले १२४ सामने मोजायला हवेत.

निवड होणं तुमच्या हातात नाही. खेळणं बऱ्याच अंशी आहे. आपण पहिल्याची वाट बघत दुसरं सोडून देतो आणि त्याला नशीब म्हणतो.

•

माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. ज्यांचे आजोबा-बाबा गिरणगावातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बदली कामगाराला कायमची नोकरी नसायची. कायम कामगार रजेवर असेल त्या दिवशी त्याच्या जागी काम मिळायचं. म्हणून बदलीवाल्यानं पाळीच्या वेळेला गेटवर जाऊन उभं राहायचं. आत घेतलं तर घेतलं, नाही तर परत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि वडिलांची कायम होण्याची गोष्ट तिथेच मिटली. तेव्हा ते वीस वर्षांचे होते.

मी आझाद मैदानावरून त्या रविवारी घरी येऊन त्यांना सगळं खरं सांगितलं होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आम्हाला गेटवरनं परत यायला लागायचं. तू तर आत बोलावल्यावर परत आलास."

त्यांना तयारी हा शब्द वापरायची वेळ कधी आली नाही. पाळी सुटली की मंडळाच्या मैदानात कबड्डी. गुडघे फुटायचे, तेल-हळद लावून दुसऱ्या दिवशी गेटवर.

•

मी मात्र पुढे आणखी मोठं मैदान शोधलं. क्रिकेट सुटलं आणि स्पर्धा परीक्षा लागली. दादरच्या एका अभ्यासिकेत तीन वर्षं बसलो. फॉर्म भरायचो. हॉल तिकीट यायचं. आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात ठरवायचो, यंदा नको, यंदा नुसतं देऊन काय उपयोग, पुढच्या वर्षी नीट देऊ. दोनदा असं केलं. अभ्यासिकेत हे कोणाला विचित्र वाटलं नाही. उलट याला नाव होतं, 'अटेम्प्ट वाचवणं'.

अटेम्प्ट वाचतो हे खरं आहे. यूपीएससीला पूर्वपरीक्षेला बसलं नाही तर तो प्रयत्न मोजला जात नाही. पण वय वाचत नाही. ते परीक्षेला बसा किंवा बसू नका, मोजलं जातंच.

आता फायद्याची गोष्ट. तयारी विकता येते. सामना विकता येत नाही.

क्लासला तुम्ही परीक्षेला बसलात काय, नाही बसलात काय, फी आधीच मिळालेली असते. पुढच्या वर्षी 'रिव्हिजन बॅच' असते, मग 'टेस्ट सिरीज', मग 'क्रॅश कोर्स'. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असलेल्या परीक्षेत बहुसंख्य मुलं नापासच होणार हे क्लासवाल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. जो नापास होऊन दुसऱ्या कामाला लागला तो त्याच्या हातून गेला. जो 'अजून एक वर्ष' म्हणाला तो राहिला. क्रिकेट अ‍ॅकॅडमीचंही गणित वेगळं नाही. एका नेटवर वीस पोरं, प्रत्येकाला दहा-बारा चेंडू, महिन्याची फी, वर किटचं दुकान. सामना लावायचा तर मैदान मिळवा, पंच शोधा, दिवस घालवा, आणि शेवटी एखादा पालक येऊन विचारणार, माझा मुलगा शून्यावर का आउट झाला? नेटमध्ये कोणीच शून्यावर आउट होत नाही. म्हणून नेट चालतं.

चांगले प्रशिक्षक आजही आहेत, तेही याच मैदानांवर. ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या दिवशी विचारा, "महिन्याला किती सामने?" उत्तर लांबलं की बॅग उचला.

आणि आपला मोबाइल? तो तर फुकटातली अभ्यासिका आहे. कव्हर ड्राइव्हचे चाळीस व्हिडिओ बघितले की चाळीस कव्हर ड्राइव्ह मारल्यासारखं वाटतं. धावण्याचे बूट कुठले घ्यावेत याचे तीन तास रिव्ह्यू बघितले की पाय दुखायला लागतात. माझ्या एका मित्राकडे घड्याळ आहे, बूट आहेत, सोळा आठवड्यांचा ट्रेनिंग प्लॅन आहे. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होतेय. दर जानेवारीत तिसऱ्या रविवारी माणसं सीएसएमटीहून धावत निघतात. तो दरवर्षी घरातून लाइव्ह बघतो.

•

तुमच्या मनातला आक्षेप मला ऐकू येतोय. तयारीशिवाय उतरणं हा माज आहे, त्यात माणूस मोडतो.

बरोबर. म्हणून मी तयारीच्या विरोधात नाही, तारीख नसलेल्या तयारीच्या विरोधात आहे. आमच्या लालबाग-परळच्या गोविंदा पथकांकडे बघा. गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि सराव सुरू होतो. रोज रात्री कामावरून आलेली माणसं गल्लीत थर लावतात. कोण कुठल्या थराला, कोणाचा पाय कोणाच्या खांद्यावर, खाली उभ्या माणसानं मान कुठे ठेवायची, थर कोसळलाच तर अंग कसं सोडायचं, हे सगळं घोटून घेतलं जातं. यात कोणी हयगय केली तर माणसं जायबंदी होतात, झालेली आहेत. लहान मुलांना वर चढवण्याविरुद्ध न्यायालयाला बोलावं लागलं ते उगीच नाही. एवढ्या जोखमीच्या खेळात तयारी हवीच.

पण त्या तयारीला तारीख आहे. गोकुळाष्टमीचा दुसरा दिवस. "यंदा आमचे थर बरोबर बसत नाहीयेत, हंडी पुढच्या महिन्यात घ्या," असं कुठलंही पथक म्हणत नाही. आठ थर जमत नसतील तर सहा लावतात, सलामी देतात, खाली उतरतात, ट्रकमध्ये बसून पुढच्या हंडीला जातात. गणपतीच्या आगमनाला ढोलपथकाचंही तेच. तारीख आली की जेवढं जमलंय तेवढ्यानिशी उतरायचं, हे गिरणगावातल्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. सणात आपल्याला हे बरोबर जमतं. स्वतःच्या आयुष्यात आपण गोकुळाष्टमीच रद्द करून टाकतो.

•

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. उतरायला मैदान कुठंय?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी उपदेश करणार नाही, कारण मैदान खरंच काढून घेतलंय. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींची साधारण तीन वाटे करायची कल्पना होती. एक मोकळ्या जागांना, एक घरांना, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीनं ही वाटणी गिरणीतल्या फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तीच टिकली. म्हणजे वडील जिथे गेटवर उभे राहायचे तिथे आज मॉल आणि टॉवर आहेत, आणि जी मैदानं व्हायला हवी होती ती बहुतांशी कागदावरच राहिली. उरल्यासुरल्या जागेत तासाच्या भाड्यानं टर्फ मिळतं. मुलींसाठी तर परिस्थिती आणखी अवघड. आमच्या चाळीच्या पटांगणात मी वीस वर्षं क्रिकेट बघितलंय, त्यात खेळणारी मुलगी एका हाताच्या बोटांवर मोजावी.

पण म्हणूनच 'तयारी करतोय' हे वाक्य मला जास्त खटकतं. गॅलरीत बसून व्यायाम करणारे, अभ्यासिकेत बसणारे, मोबाइलवर शिकणारे कधीच मैदान मागत नाहीत. खेळणाराच मैदान मागतो. ज्याला रविवारी अकरा जण घेऊन उतरायचंय तोच वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारतो की आमच्या मैदानात मंडप अजून का उभा आहे. आपण सगळे तयारीत गुंतलेले असणं हे मैदान गिळणाऱ्याच्या सोयीचं आहे.

•

३० ऑक्टोबर २०२५, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा. जेमिमा रॉड्रिग्ज, आपल्या मुंबईची पोर, याच स्पर्धेत एका सामन्याला संघाबाहेर बसवलेली. आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार हे तिला मैदानात उतरायच्या पाच मिनिटं आधी कळलं, हे तिनंच सामन्यानंतर सांगितलं. ती अंघोळ करत होती. नाबाद १२७. भारत जिंकला. तीन दिवसांनी अंतिम सामना ५२ धावांनी जिंकून विश्वचषकही आला.

पाच मिनिटांत कोणी तयार होत नाही. तिच्या पाठीशी लहानपणापासूनची मेहनत होतीच. पण "आज नको, मी पाचव्या नंबरची तयारी केलीय," असं ती म्हणाली नाही. तिला त्या पाच मिनिटांत मी आझाद मैदानात जे वाक्य बोललो ते सुचलंच नाही, कारण ती आयुष्यभर सामने खेळत आली होती.

आणि त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक कोण होता? अमोल मुझुमदार. आझाद मैदानात पॅड बांधून बसलेला तोच मुलगा.

याचा अर्थ 'सब्र का फल मीठा' असा काढू नका, कृपा करून. तो थांबला म्हणून तिथे पोचला नाही. ती सदतीस वर्षं तो एका ना दुसऱ्या मैदानात होता, म्हणून पोचला.

•

माझं सांगून संपवतो. मी एकतिसाव्या वर्षी परत एका क्लबच्या यादीत नाव घातलं. खालच्या डिव्हिजनमध्ये, जिथे निम्मी टीम नोकरीवाली आहे आणि एकाला सकाळी मुलाला क्लासला सोडून यावं लागतं. पहिल्या सामन्यात चार धावा केल्या. बॅकफूटलाच आउट झालो. एकोणिसाव्या वर्षी जी गडबड होती तीच. बारा वर्षं नेटमध्ये आणि डोक्यात घोटून तिच्यात तसूभर फरक पडला नव्हता. पुढच्या दोन पावसाळ्यांत सामने खेळताना थोडा पडला. आता मी बरा खेळतो, म्हणजे वाईट खेळतो पण दर रविवारी खेळतो. आईच्या भिशीची बॅट अजून आहे. तिला पहिल्यांदा चेंडूंचे लाल डाग पडलेत, तेही चिखलात माखलेले.

मी खूप उशीर केला, हे मला कळतं. जो मोसम एकोणिसाव्या वर्षी होता तो एकतिसाव्या वर्षी मिळत नाही. हा लेख वाचणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण अजून एकोणीस-वीसच्या आसपास आहात, म्हणून एवढं भांडलो.

फॉर्म भरलाय तर परीक्षेला बसा. नापास झालात तर पेपर कसा असतो ते तरी कळेल. कविता लिहिता तर रविवारी चार जणांत वाचा. धावताय तर रजिस्ट्रेशनचे पैसे भरा. मुलगी असाल आणि पटांगणात मुलं खेळत असतील तर बाकावरून उठा आणि बॅटिंग मागा. देणार नाहीत कदाचित. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागा. आणि तयारी करायचीच असेल तर आधी कॅलेंडरवर एका तारखेला गोल करा. मग खुशाल करा.

काल शनिवार होता. रात्री साडेदहाला आमच्या क्लबच्या ग्रुपवर कॅप्टनचा मेसेज आला. "उद्या दोन कमी आहेत. कोण येतंय?" ग्रुपमध्ये चौतीस जण आहेत. मेसेज सगळ्यांनी बघितला होता. कोणाच्या घरी पाहुणे, कोणाचा गुडघा, कोणाचा अजून सराव झालेला नाही.

माझाही झालेला नव्हता. मी 'मी' एवढंच टाइप केलं आणि बूट धुवायला घेतले.